एकाला विचारलं की मेहरबानी

हमीदभाई इनामदार एका माणसाला पत्ता विचारून कधी पुढे गेले नाहीत. पानपट्टीवाल्याने डावीकडे हात केला की ते त्याचे आभार मानत, थोडं पुढे जाऊन सायकल दुरुस्त करणाऱ्याला तोच प्रश्न विचारत. त्यानेही डावीकडेच हात केला तरी त्यांचं समाधान होत नसे. तिसरा माणूस दिसेपर्यंत गाडी डावीकडे वळत नसे. एकदा तिसगावात एका सत्काराची बातमी होती. त्यांची बहीण त्या गावात दिलेली, म्हणून ते माझ्यासोबत त्यांच्या मोटरसायकलवर निघाले. रस्ता पायाखालचा असूनही विचारत विचारत आम्ही पोचलो तेव्हा सत्कार संपून खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. बातमी मला लोकांना विचारून लिहावी लागली.

"बरं झालं," हमीदभाई म्हणाले. "बघून लिवली असती तर तुमची एकट्याची झाली असती. आता चौघांची हाय."

नगरच्या ज्या दैनिकात मी बातमीदार होतो, तिथे ते पानं लावत. आम्ही लिहिलेला मजकूर, फोटो आणि जाहिराती संगणकावर जुळवून पान छपाईला सोडायचं, हे त्यांचं काम. उंच, किरकोळ अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात कंगवा. डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं उरलेलं नव्हतं, पण कंगवा रोज असे. बातमी पानात मावत नसली की ते बातमीदाराला बोलावत आणि म्हणत, "कुठून कापू ते तुमीच सांगा." बातमीदाराने सांगितलं की बाजूच्याला विचारत. मग संपादकांना. शेवटी कात्री कुठे चालवायची हे त्यांचं आधीच ठरलेलं असे; पण विचारल्याशिवाय ती चालत नसे.

ही सवय त्यांच्या वडिलांकडून आली होती. वडील सोनईकडच्या बाजारात मापाडी होते. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल तोलून देणारा माणूस. आडत्याच्या, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या, गाळ्यासमोर कांद्याच्या ढिगाभोवती व्यापारी जमायचे, बोली चढायची, जास्त बोलेल त्याच्या नावावर ढीग तोलला जायचा. हमीदभाईंचं लहानपण या ढिगांमधून गेलं. तिथून ते एक वाक्य घेऊन आले होते आणि ते दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवत. ऐकवताना उजव्या हाताची तीन बोटं वर करत.

"एकाला विचारलं की मेहरबानी. तिघांना विचारलं की भाव."

या सवयीचा दैनिकाला एकदा मोठा उपयोग झाला. संध्याकाळी निधनाची एक जाहिरात आली. फोटो, नाव, अंत्यविधीची वेळ, सगळं व्यवस्थित; पैसे रोख भरलेले. पान सोडायची वेळ झाली होती. हमीदभाईंनी त्या गावच्या वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, "असेल." मग गावातल्या किराणा दुकानदाराला केला. तो म्हणाला, "ऐकलं नाही बुवा." तिसरा फोन त्यांनी मयताच्या घरी केला. मयतानेच उचलला. भावकीच्या भांडणातून कुणीतरी ती जाहिरात दिली होती. संपादकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हमीदभाईंचं कौतुक केलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांची तक्रार वेगळीच होती. "तुमी जिवंत हाय ना, एवढंच विचारलं. तर माझ्यावरच उखडला. म्हनला, तुला काय घाई झालीय?"

सवयीचा तोटाही होत असे. पोट दुखायला लागलं की ते एकाच दिवशी दोन डॉक्टरांकडे जात. पहिल्याला दुसऱ्याचं सांगत नसत. एकदा दोघांनी एकच औषध वेगवेगळ्या कंपनीच्या नावाने दिलं आणि हमीदभाईंनी दोन्हीकडच्या गोळ्या घेतल्या. दुपारभर ते टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. न्यायला त्यांच्या पत्नी शमीमभाभी आल्या. आम्ही काळजीने उभे होतो. भाभींनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला सांगितलं, "भाव काढायला गेले अन् दोन्ही दुकानातनं माल उचलून आनला."

पुढे घराच्या कर्जात त्यांनी हेच केलं. तेव्हा मात्र झोपून उतरण्यासारखं काही नव्हतं.

हमीदभाई भाड्याने राहत. अकरा महिन्यांचा करार, मग मालकाच्या मुलाचं लग्न किंवा मालकाचा भाचा शिकायला येणं, मग दुसरं घर. घर शोधताना तिघांना विचारून त्यांचं भागत नसे. फोनवर खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की ती कालच कुणीतरी घेतलेली असायची. हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत. पाऊस कुठे किती झाला हे सांगावं तसं सांगत. मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली होती. घरात दोघंच होते. भाभींचे गुडघे दुखत आणि ते राहत होते ते घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पुन्हा सामान हलवणार नाही, हलवलं तर एकदाच, स्वतःच्या घरात, असं भाभींनी एका करारानंतर सांगून टाकलं.

व्याजाने कर्ज घ्यावं की नाही, हा प्रश्न होता. हमीदभाईंनी एका मौलानांना विचारलं. ते म्हणाले, टाळलेलं बरं. दुसऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, राहायला छप्पर नसेल तर माणसाची मजबुरीही बघावी लागते. तिसऱ्यांना त्यांनी विचारलं नाही. डॉक्टर सोडले तर माझ्या माहितीत ते दोघांवर थांबले ते एवढं एकदाच.

सावेडीच्या पुढे एक छोटं रो हाऊस विकायला असल्याची जाहिरात आमच्याच अंकात होती. ती पानात हमीदभाईंनीच बसवली. तरी फोन त्यांनी सकाळी अंक घरोघरी पडल्यावर केला. आधी केला असता तर तो वाचकांवर अन्याय झाला असता, असं त्यांचं मत होतं.

घराचे मालक बाबूराव वाघ एसटीतून निवृत्त झालेले. नगरच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून गाड्या फलाटावर लावायच्या, सोडायच्या आणि प्रवाशांच्या शिव्या खायच्या, असं स्वतःच्या कामाचं वर्णन ते करत. सगळे त्यांना काका म्हणत. पत्नी गेल्यापासून एकटे होते. मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला होता, इमारत अजून चढत होती, बिल्डरचे हप्ते होते. घर विकून मुलाकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं.

हमीदभाई आणि भाभी घर पाहायला गेले. नाव सांगितलं. काकांनी ते ऐकलं आणि विचारलं, "टाकीवर चढून बघितलं का? लोकं फरशी बघत्यात, टाकी बघत न्हाईत." हमीदभाई वर चढून टाकी पाहून आले. व्यवहार जवळपास तिथेच ठरला. परतताना भाभींनी मोटरसायकलवर मागून विचारलं, "तुमी नाव नीट सांगितलं होतं ना?"

साठेखत झालं तेव्हा साक्षीदार म्हणून मी सही केली. साठेखत म्हणजे विक्रीचा आधीचा करार. हमीदभाईंनी इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली. ती त्यांची सगळी शिल्लक होती, त्यात भाभींच्या बांगड्याही होत्या. उरलेली रक्कम दिवाळीच्या पाडव्यापर्यंत द्यायची. नाही दिली तर इसार काकांचा आणि काका दुसऱ्याला घर विकायला मोकळे. अटी सरळ होत्या. कुणी वाद घातला नाही.

कर्ज काढायचं ठरलं तेव्हा हमीदभाईंनी कागदपत्रांचे पाच संच झेरॉक्स केले. एक सरकारी बँक, दोन खासगी, शहरातली एक सहकारी बँक आणि एक गृहकर्ज देणारी कंपनी. पाचही ठिकाणी एकाच आठवड्यात रीतसर अर्ज भरले. सगळीकडे एजंटाने किंवा कारकुनाने सांगितलं, "काम झालंच समजा." बहुतेक ठिकाणी फाईल उघडायची फी भरावी लागली, आणि ती परत मिळणार नव्हती.

"भाव विचारायचे पैसे पडतात, असला बाजार पहिल्यांदा बघितला," भाभी म्हणाल्या.

हमीदभाईंनी आम्हाला कार्यालयात हात पसरून पाच बोटं दाखवली. या वेळी तीनवर ते थांबले नव्हते. "पाच जन बोली लावनार. मी निवांत बसनार. जो कमी व्याज बोलंल त्याला ढीग."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी होतो. एका खासगी बँकेचा चौकशीवाला खुर्चीत बसून अर्जदार खरंच तिथे राहतो का, याची खात्री करत होता. तो फ्रिजचा फोटो काढत असताना दारात दुसरा उभा राहिला. पाठीवर तशीच बॅग, गळ्यात तसंच ओळखपत्र.

"इनामदार इथंच का? होम लोनची चौकशी होती."

आतल्याने मान वर केली. "अरे राहुल्या! तू?"

"तू कुठं आता?"

"तुला सोडून बरं चाललंय."

दोघं आधी एकाच एजन्सीत होते. भाभींनी दुसरा कप आणला. "एकानं लिवा अन् दुसऱ्यानं उतरून घ्या. च्या गार हुतोय." दोघं हसले. मग पहिल्याने हसता हसता विचारलं, "सर, आणखी कुठं अर्ज केलाय का?"

"पाच ठिकानी," हमीदभाई म्हणाले. आवाजात अभिमान होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राहुल्याने पेनाला टोपण लावलं. दोघं सोबतच जिना उतरले आणि बराच वेळ खाली गाड्यांपाशी बोलत उभे राहिले.

खाली भाड्याच्या घराचे मालक उभे होते. ओळखपत्रवाली माणसं एकामागून एक येताना त्यांनी पाहिली होती. "इनामदार, हप्ते थकलेत का काय?"

"हप्ते थकायला आधी कर्ज मिळावं लागतं," हमीदभाई म्हणाले.

उत्तर बरोबर होतं, पण मालकांना पटलं नाही. जानेवारीत करार संपला की दुसरीकडे बघा, असा निरोप त्याच आठवड्यात आला.

त्यानंतर वाघकाका कार्यालयात आले. कापडी पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. "इनामदार, मी घर तुमाला विकतोय का पाच बँकांकडं गहान टाकतोय? वकील येतो, म्हनतो मूळ खरेदीखत दाखवा. ट्रंक उघडतो, दाखवतो, बंद करतो. तेवढ्यात दुसरा वकील. किंमत काढायला इंजिनेर आले. तिघांनी संडास मोजला. तिघांची लांबी येगळी!"

सगळं कार्यालय ऐकत होतं. कुणीतरी विचारलं, "काका, खरी लांबी किती?"

"मी बसतो तिथं. मोजत न्हाई."

हमीदभाईंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, एक-दोन आठवड्यांत बोली सुरू होईल. बोली सुरू झाली नाही. फोन येत ते नवीन कागद मागायला. गणपती गेले, दसरा गेला. पाचांपैकी कुणीही नकार दिला नाही. कुणी मंजुरीही दिली नाही.

सरकारी बँकेतल्या कर्ज अधिकारी गोसावी मॅडमना भेटायला हमीदभाई मला सोबत घेऊन गेले. बातमीदार सोबत असला की बँकेत काम होतं, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा आहे. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. संगणकाचा पडदा त्यांनी हमीदभाईंकडे वळवला.

"तुमचा पगार ठीक आहे. घराचे कागद स्वच्छ आहेत. आता हे बघा. तुम्ही अर्ज केला की बँक तुमच्या आधीच्या कर्जव्यवहारांचा रिपोर्ट मागवते. ती मागणी रिपोर्टवर उमटते आणि पुढच्या प्रत्येकाला दिसते. तुमच्या नावावर एकाच आठवड्यात पाच उमटल्या आहेत. त्याने तुमची पत दाखवणारा स्कोअर खाली आला. शिवाय माझे वरिष्ठ विचारतात, या माणसाला बाकीच्या चौघांनी का नाही दिलं?"

"मॅडम, कुनी न्हाई म्हनलेलंच न्हाई."

"हो तरी कुणी म्हटलंय? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत बसलाय. आणि पाचांनी मंजूर केलं तर हा माणूस एकाच घरावर किती ठिकाणाहून पैसे उचलेल, ही शंका वेगळीच."

"मला फक्त व्याजाचा भाव काढायचा हुता."

"तो तोंडी विचारायचा. दर विचारायला अर्ज लागत नाही."

मॅडमनी सांगितलं, बाकीच्या चार ठिकाणचे अर्ज मागे घ्या, तशी पत्रं मला आणून द्या, मग मी फाईल पुन्हा वर पाठवते. मंजुरीची खात्री देत नाही. आणि पाडव्याच्या आत तर होणारच नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर हमीदभाईंनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "अब्बा असते तर मला बाजारातनं हाकलून दिलं असतं," ते म्हणाले.

"का?"

"ढीग एकाच आडत्याकडं लावायचा असतो. बोली बोलायला व्यापारी कितीबी येऊ द्या. पन ढीग एक, आडत्या एक. तोच माल दोन आडत्यांकडं लावला की लोकं म्हनत्यात, मालात खोट हाय न्हाईतर मानसात." त्यांनी चहाचा घोट घेतला. "लहानपनापासनं डोळ्यानं बघितलंय हे. अन् मी एक ढीग पाच ठिकानी लावून बसलो."

पत्रं द्यायला ते चारही ठिकाणी स्वतः गेले. तीन ठिकाणी कुणी फारसं विचारलं नाही. गृहकर्ज कंपनीच्या साहेबाने मात्र त्यांना बसवून घेतलं. अर्ज मागे घेताय म्हणजे दुसरीकडे मिळालं वाटतं, असं म्हणून त्याने लगेच व्याजाचा दर खाली आणला. बँकेपेक्षा खाली. ज्या बोलीची हमीदभाई तीन महिने वाट पाहत होते, ती अखेर सुरू झाली होती. ते बाहेर आले, रस्त्यावर बराच वेळ उभे राहिले, पुन्हा आत गेले आणि पत्र देऊन आले. मी कारण विचारलं. "तो दर सांगतोय, तारीख सांगत न्हाई," ते म्हणाले. "अन् मॅडमला शब्द दिलाय."

दिवाळीच्या तोंडावर आम्ही वाघकाकांकडे गेलो. साक्षीदार म्हणून मला यावं लागेल, असं हमीदभाईंचं म्हणणं होतं. काकांनी पायरीवर एक पणती लावली होती. आत सामान अर्धं बांधलेलं होतं.

हमीदभाईंनी बँकेत काय झालं ते सगळं सांगितलं. स्वतःची चूक कुठे झाली तेही सांगितलं. काकांनी मध्येच तोडलं नाही. मग म्हणाले, "दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं. लाखभर वर द्यायला तयार हाय. रोख."

काका बांधलेल्या ट्रंकेवर टेकले.

"पोराच्या बिल्डरचा हप्ता हाय. तो काय माझी सोय बघनार न्हाई."

"काका, संक्रांतीपर्यंत थांबा."

"अन् बँक न्हाई म्हनली तर?"

"तर इसार तुमचा, घर तुमचं. मी एक शब्द बोलनार न्हाई."

"आनखी कुठं अर्ज टाकलाय?"

"न्हाई. एकच."

"दुसरं घर बघून ठिवलं असंल."

"न्हाई काका. तुमालाच विचारतोय. दुसऱ्या कुनाला विचारलेलं न्हाई."

काकांनी माझ्याकडे मान वळवली. "साक्षीदार, खरं का हे? हा मानूस? एकालाच?"

खरं आहे, असं मी सांगितलं.

"बरं, इनामदार. तुमी माझ्या जाग्यावर असता, दारात लाख रुपये जास्तीचं गिऱ्हाईक उभं असतं, तर काय केलं असतं?"

हमीदभाईंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "आनखी तिघांना विचारलं असतं."

काका हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला लागला. हमीदभाईंनी उठून माठातलं पाणी आणून दिलं. माठ कुठे आहे, हे त्यांना माहीत होतं.

"त्या गिऱ्हाइकानं टाकी बघितली न्हाई," पाणी पिऊन काका म्हणाले. "पोराला मी समजावतो. संक्रांत. पन लिवून द्या, सही करा, साक्षीदाराची घ्या. मी एसटीतला मानूस. तोंडी गाडी सोडत न्हाई."

मुदतवाढीचा कागद तिथेच लिहिला. मी दुसऱ्यांदा सही केली.

परत येताना गाडी हमीदभाई चालवत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मान न वळवता म्हणाले, "ही मेहरबानीच झाली."

"हो," मी म्हटलं.

"लई जड असती राव."

मंजुरी जानेवारीत आली, संक्रांतीच्या जेमतेम आधी. ती येईपर्यंत शमीमभाभींनी सामान बांधायला सुरुवात केली होती, कारण भाड्याचं घर काहीही झालं तरी सोडायचंच होतं. फक्त कुठे जायचं ते ठरायचं होतं. व्याजाचा दर गृहकर्ज कंपनीने सांगितलेल्या दराहून थोडा जास्त होता. खरेदीखत झालं. काकांना पैसे मिळाले. मुलाच्या बिल्डरने उशिराचा दंड लावला होता, तो काकांनी भरला आणि हमीदभाईंना सांगितला नाही. मला सांगितला, आणि बातमी समजू नका असंही सांगितलं. नावाची पाटी भाभींनी पहिल्याच दुकानातून, भाव न विचारता आणली. पाटीवर भाभींचं नाव वर होतं.

हमीदभाई सुधारले, असं म्हणता येणार नाही. पडदे घ्यायला ते तीन दुकानं फिरले. पान लावताना तिघांना विचारणं चालूच राहिलं. फक्त ते वाक्य ऐकवताना आता पहिला अर्धा भाग ते घाईने म्हणत आणि दुसऱ्यावर जोर देत.

पुढे माझी बदली दुसऱ्या शहरातल्या आवृत्तीत झाली. हमीदभाई गेल्याचं मला तिथे कळलं. एकाचा फोन आला. मी आणखी दोघांना फोन केला. तिघांनीही तेच सांगितलं. कर्जासोबत गोसावी मॅडमनी विमा काढायला लावला होता, त्यातून उरलेले हप्ते फिटले आणि घराचे मूळ कागद बँकेतून भाभींकडे आले.

मी हमीदभाईंना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या वर्षी, नगरच्या बसस्थानकावर. मी कामासाठी आलो होतो आणि परतीच्या गाडीची वाट पाहत होतो. वाघकाका पेन्शनच्या कामासाठी वर्षातून एकदा पुण्याहून येत आणि हमीदभाईंकडे, म्हणजे स्वतःच्याच जुन्या घरात, मुक्काम करत. त्या दिवशी हमीदभाई त्यांना गाडीत बसवायला आले होते. काका बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. समोर ती खिडकी होती जिच्यामागे बसून त्यांनी सगळी नोकरी केली. आत आता एक तरुण नियंत्रक बसला होता.

हमीदभाईंनी खिडकीत वाकून पुण्याच्या गाडीचं विचारलं. मग फलाटावर उभ्या असलेल्या एका चालकाला विचारलं. मग संत्री विकणाऱ्या बाईकडे निघाले.

"अहो इनामदार!" काका बाकावरून ओरडले. "जल्म गेला माझा या ठेसनावर. गाडी कुठं लागती ते मला विचारा की!"

हमीदभाई थांबले. वळून त्यांनी काकांकडे पाहिलं. केस उरले नव्हते तरी खिशातून कंगवा काढला, पुन्हा ठेवला.

"तुमाला एकदा विचारलंय काका," ते म्हणाले. "पुन्हा न्हाई."

आणि संत्रीवालीकडे जाऊन त्यांनी पुण्याची गाडी कुठे लागते ते विचारलं. तिने पहिल्या दोघांनी दाखवलेल्याच फलाटाकडे बोट केलं. तेव्हा ते परत आले, काकांच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि त्या दिशेने चालू लागले. काका मागून येत होते. गाडी अजून यायची होती.